रिकामं रीळ गप्प, मासा लागला की घरघर: जोराखाली आवाज करणारं रीळ तपासायचं आणि दुरुस्त करायचं कसं

टेबलावर ठेवून हँडल फिरवलं तर मासे गरवायचं रीळ अगदी लोण्यासारखं फिरतं. पाण्यावर गेल्यावर मात्र चांगला वजनदार मासा लागतो, रॉड कमानीसारखा वाकतो आणि तेच रीळ जात्यासारखं घरघरायला लागतं. घरी परत आणून फिरवा, पुन्हा साळसूद. गरवणाऱ्या बहुतेकांनी हा प्रकार कधी ना कधी अनुभवलेला असतो, आणि बहुतेकांचा त्यावरचा इलाज ठरलेला असतो: झाकण उघडायचं, बोटभर ग्रीस आत कोंबायचं, झाकण लावायचं. पुढच्या दोन खेपा शांततेत जातात. मग आवाज परत येतो आणि या वेळी जरा जास्तच येतो, कारण ग्रीसने दोष गेलेला नसतो, फक्त त्यावर पांघरूण पडलेलं असतं.

मी स्वतः याच आवाजापायी एकदा दोन सुट्ट्या खर्ची घातल्या आहेत. सगळं रीळ खोललं, गिअर धुतले, शिम (गिअर नेमका जागी बसवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून पाहिल्या, एक स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली ती शोधायला अर्धा तास. शेवटी दोष निघाला लाइन रोलरमधल्या, म्हणजे दोरी वळवणाऱ्या छोट्या चकरीतल्या, मटाराएवढ्या बेअरिंगमध्ये. तिथे पोचायला एक स्क्रू काढावा लागतो, बस्स. त्यामुळे खाली दिलेला क्रम मुद्दाम तसा आहे: आधी आवाज घरातच पुन्हा काढून दाखवायचा, मग तो कुठून येतोय ते बाहेरूनच ओळखायचं आणि पाना हातात घ्यायचा तो त्यानंतर. बराचसा लेख स्पिनिंग रिळाबद्दल आहे, ज्यात स्पूल (दोरीची फिरकी) जागेवर राहतं आणि त्याभोवती रोटर फिरून दोरी गुंडाळतो. बेटकास्टर आणि आडव्या रिळांबद्दल, ज्यांत स्पूलच फिरून दोरी गुंडाळतं, शेवटी थोडं लिहिलं आहे.

जोर पडतो तो कुठे?

रिकामं हँडल फिरवताना आतल्या भागांवर जवळजवळ काहीच भार नसतो. दोरीवर ताण आला की काय होतं ते एका नमुन्याच्या रिळावर मोजून पाहू. गिअरचं प्रमाण ५.२ : १, स्पूलवर दोरी भरल्यावर तिचा व्यास ४८ मिमी, हँडलची लांबी ५५ मिमी. हँडलच्या एका फेऱ्यात रोटर ५.२ वेळा फिरतो, म्हणजे साधारण ७८ सेंमी दोरी आत येते. हँडलचा नॉब मात्र तेवढ्यात फक्त ३४-३५ सेंमी फिरतो. म्हणजे दोरीवर ५ किलोचा ताण असेल तर घर्षण शून्य धरूनही नॉबवर ११ किलोंपेक्षा जास्त जोर लावावा लागेल.

आतली गोष्ट याहून कडक आहे. दोरी लाइन रोलरवरून जवळपास काटकोनात वळते, त्यामुळे ५ किलोच्या ताणाला रोलरच्या इवल्याशा बेअरिंगवर सुमारे ७ किलो येतात. पिनियनची (रोटर फिरवणाऱ्या लहान गिअरची) त्रिज्या ३ मिमी धरली तर त्याच वेळी गिअरच्या दातांवर ४० किलोंच्या आसपास जोर येतो. हे दात एकमेकांना नुसते ढकलत नाहीत, एकमेकांपासून दूर लोटायलाही बघतात. बेअरिंग ढिलं असेल, शिम झिजली असेल, बॉडी प्लॅस्टिकची असून लवत असेल तर गिअर केसभर सरकतात आणि दात टोकावर घासू लागतात. टेबलावर गप्प असलेलं रीळ पाण्यावर बोलतं ते यामुळे.

यातून दुरुस्तीच्या आधीची एक गोष्ट निघते. रीळ म्हणजे ओझं ओढायचं यंत्र नाही. ताण असताना नुसतं हँडल दामटत राहिलात तर निरोगी रीळसुद्धा कण्हतं. रॉड उचलून मासा जवळ आणायचा आणि रॉड खाली नेताना सुटलेली ढील गुंडाळायची. अशा पद्धतीने गरवताना आवाज येत नसेल आणि फक्त हँडल दामटतानाच येत असेल, तर रिळाच्या आधी हाताची सवय बदलून पाहा.

आवाज रिळाचाच आहे ना?

हे विचारायला विचित्र वाटतं, पण रॉड पोकळ असतो आणि पोकळ नळी आवाज लांबवर नेते. टोकाकडच्या गाइडमधला (रॉडवरच्या, दोरी ओवायच्या कडीतला) आवाज मुठीत रिळाचा वाटतो.

ओली ब्रेडेड दोरी ताणाखाली गाइडवरून सरकताना स्वतःच सूं-सूं करते. विणलेल्या दोरीचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्याला इलाज नाही आणि गरजही नाही. त्याच रिळावर साधा नायलॉनचा तंगूस लावून आवाज गेला, तर रीळ निर्दोष आहे. गाइडच्या आतली कडी सैल झाली किंवा तिला तडा गेला तर करकर येते. प्रत्येक कडी बोटाने हलवून पाहा आणि आतून कापसाची काडी फिरवा, तंतू अडकले तर तडा आहे. रीळ सीटची (रॉडवर रीळ बसतं त्या जागेची) रिंग पूर्ण आवळलेली नसेल तर भाराखाली रिळाचा पाय कुरकुरतो. हँडलचा स्क्रू सैल असेल तर दर फेऱ्याला एक टक् ऐकू येते. आणि झाकणाचे स्क्रू. तेही एकदा पेचकस लावून पाहा, कारण यातला एक स्क्रू अर्धा आटा सैल असला तरी झाकणातलं बेअरिंग भाराखाली हलतं आणि आवाज थेट गिअर गेल्यासारखा येतो.

कान लावा आणि मोजा

पहिला प्रश्न: आवाज दोरी आत येताना होतो की बाहेर जाताना? बाहेर जाताना होत असेल तर गिअर, पिनियन, रोटर यांचा त्यात काही हात नाही, कारण त्या वेळी फक्त स्पूल आणि लाइन रोलर फिरत असतात. सरळ खाली ड्रॅगच्या (मासा जोरात ओढू लागला की स्पूल घसरू देणाऱ्या ब्रेकच्या) भागाकडे जा.

आत येताना होत असेल तर हँडल अगदी हळू फिरवत आवाज मोजा. हँडलच्या एका फेऱ्यात एकदाच येणारी टक् किंवा अडखळ मुख्य गिअरची, त्याच्या दोन बेअरिंगपैकी एकाची किंवा हँडलची. एका फेऱ्यात पाच-सहा वेळा, म्हणजे गिअरच्या प्रमाणाइतक्या वेळा येणारी खरखर पिनियनची, पिनियनच्या बेअरिंगची किंवा रोटरची. स्पूल वर किंवा खाली एका ठरावीक जागी पोचल्यावरच येणारा आवाज मेन शाफ्टचा (स्पूल बसतं त्या दांड्याचा) आणि त्याला पुढे-मागे सरकवणाऱ्या यंत्रणेचा. आणि मोजताच येऊ नये अशी सलग बारीक चिरचिर, कुंई-कुंई, शिट्टी? ती लाइन रोलरची. वरच्याच हिशेबात बघा: १० मिमी व्यासाचा रोलर ७८ सेंमी दोरीला जवळपास २५ वेळा फिरतो, ते मोजणार कोण!

लांब पेचकसाचं टोक रिळाच्या बॉडीवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून ऐका. गाड्यांचे मेकॅनिक असंच ऐकतात. टोक गिअरपेटीच्या डाव्या, उजव्या आणि पुढच्या बाजूला हलवत गेलात की आवाज कुठे मोठा होतो ते लगेच कळतं.

तळहाताचा ब्रेक आणि पाण्याची बाटली

आता भार द्यायचा. स्पूल काढून ठेवा. एका हाताचा तळवा फिरत्या रोटरला हलकाच दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवा. दाब हळूहळू वाढवा. इथे गिअर, पिनियन आणि त्यांची बेअरिंग भाराखाली आहेत, पण लाइन रोलर, दोरी आणि रॉड यांचा संबंध नाही. याच वेळी घरघर आली तर दोष पेटीत आहे. आली नाही तर स्पूल परत लावा आणि पुन्हा तेच करा, कारण मेन शाफ्टच्या टोकावर वजन आलं की कधीकधी फरक पडतो.

तरीही शांत असेल तर बाटली घ्या. रॉडचा फक्त मुठीकडचा भाग वापरा, म्हणजे बाकीच्या गाइडांची भानगड नको. रीळ लावा आणि दोरीच्या टोकाला पाण्याने भरलेली २ लिटरची बाटली बांधा. पाण्याचं वजन २ किलो, हिशेब सोपा. जिन्याच्या कठड्यावरून बाटली खाली सोडा आणि वर ओढा. खाली कुणी उभं नाही ना हे आधी पाहा. ५ लिटरचा कॅन लावण्याआधी ड्रॅग आणि दोरी तेवढं झेपेल याची खात्री करा. वजन द्यायचं म्हणून ब्रेडेड दोरी उघड्या हाताला गुंडाळून कुणाला ओढायला लावू नका, ती ताणाखाली कातडी सरळ कापते.

तळहाताला गप्प आणि बाटलीला बोलका, असा निकाल आला तर दहापैकी बहुतेक वेळा लाइन रोलर.

लाइन रोलर

स्थिर स्पूलचं रीळ हा प्रकार इंग्लंडच्या इलिंगवर्थने १९०५ मध्ये पेटंट घेऊन मार्गी लावला, तेव्हापासून दोरीला वळवून स्पूलवर नेणं ही त्या रचनेची गरजच आहे. ते वळण आज रोलर सांभाळतो. तो सगळ्यात बाहेर असतो, खारं पाणी दोरीबरोबर थेट त्याच्यावर येतं आणि सगळ्यात जास्त फेरेही तोच घेतो. तरीही वंगण घालताना सगळ्यात जास्त तोच विसरला जातो.

रोलरच्या कडेला मार्करने एक ठिपका द्या आणि बाटली वर ओढताना ठिपक्याकडे बघा. ठिपका फिरत नसेल, किंवा थांबत थांबत फिरत असेल, तर रोग सापडला. अडकलेल्या रोलरवरून दोरी घासत जाते, त्यामुळे आवाज तर येतोच, शिवाय दोरी कमकुवत होते आणि ब्रेडेड दोरी रोलरमध्ये खाचही पाडते. कापसाची काडी फिरवून खाच तपासा. नखाला लागणारी खाच असेल तर रोलर बदलायचा, पॉलिश करून निभावायचं नाही.

खोलताना बेल आर्मचा (रोलर धरणाऱ्या दांडीचा) स्क्रू पूर्ण काढण्याआधी खाली पांढरं कापड अंथरा. आत रोलर, बेअरिंग किंवा प्लॅस्टिकचं बुश, आणि एक-दोन कागदासारख्या पातळ चकत्या असतात. कोणती चकती कुठल्या बाजूला होती याचा फोटो काढा. उलटसुलट बसली तर रोलर दोन्हीकडून चिमटला जातो आणि नवं बेअरिंग घालूनही फिरत नाही. बेअरिंगचं माप पुष्कळदा ४ × ७ × २.५ मिमी असतं, पण गृहीत धरू नका, कॅलिपरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. पांढरी भुकटी दिसली तर मीठ आहे, तपकिरी डाग म्हणजे गंज. मीठ कोमट पाण्यात विरघळतं, म्हणून आधी पाणी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, पूर्ण वाळवणं आणि दोन थेंब पातळ तेल. गंजलेलं बेअरिंग धुऊन काही होत नाही, ते बदला. इतक्या लहान भागावर जीव लावण्यात अर्थ नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. डायवाच्या मॅगसील्ड रिळांत काही ठिकाणी चुंबकीय तेलाचा पडदा पाणी अडवतो, आणि काही मॉडेलांत तो लाइन रोलरमध्येही असतो. तिथे साधं तेल घातलं किंवा द्रावकाने धुतलं तर तो पडदाच निघून जातो. अशा जागा उघडायच्या नाहीत.

रोलर दुरुस्त करून पुन्हा बाटली लावा. आवाज गेला असेल तर तुमचं काम इथेच संपलं, पुढचं खोलू नका.

रोटर आणि मेन शाफ्ट

तळहाताच्या चाचणीत आवाज आला असेल तर पुढे. स्पूल काढल्यावर रोटर पुढे-मागे आणि डावीउजवीकडे हलवून पाहा. किंचित हालचाल चालते. खडखड चालत नाही. रोटरचा नट सैल झाला तर भाराखाली रोटर कलतो आणि घरघर अगदी पिनियन गेल्यासारखी येते. नटाला लॉक करणारी पट्टी किंवा लहान स्क्रू आधी काढावा लागतो. नट फिरेना म्हणून ताकद लावण्यापूर्वी थांबा: काही रिळांत त्याचे आटे उलटे असतात आणि घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो सुटतो. डब्यात आलेलं भागांचं चित्र याच कामासाठी असतं, ते फेकून देऊ नका.

मेन शाफ्ट वाकलेला आहे का ते पाहायला स्पूल नसताना हँडल हळू फिरवा आणि शाफ्टच्या टोकाकडे बाजूने बघा. टोकाने सरळ पुढे-मागे जायला हवं. ते डुलत असेल तर शाफ्ट वाकला आहे, आणि भाराखाली तो पिनियनच्या पोकळीत आतून घासतो. सरळ करण्याच्या फंदात पडू नका, बदला. शाफ्ट सरळ असेल आणि आवाज फक्त स्पूलच्या एका टोकाला येत असेल, तर शाफ्ट पुसून त्याला तेलाचा पातळ हात द्या. कोरडा शाफ्ट पिनियनमध्ये किंचाळतो, आणि हा उपाय इतका साधा आहे की तो आधी करून बघायला हरकत नाही.

रोटरखाली वन-वे क्लच दिसेल, हँडल उलटं फिरू न देणारी बारीक सळ्यांची गोल चकती. कापडाने पुसा आणि अगदी पातळ तेलाचा फक्त ओलावा द्या. ग्रीस इथे शत्रू आहे. सळ्या ग्रीसमध्ये घसरतात आणि मासा लागताच हँडल उलटं फिरतं. आवाज बरा, पण हे नको.

गिअरपेटी उघडताना

उजेडात बसा. पांढरं कापड, कडा असलेलं ताट, स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे पेचकस, चिमटा, फोन. प्रत्येक भाग निघाला की फोटो, आणि ताटात निघालेल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे रांग. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. हँडल आट्यांचं असेल तर दोन्ही बाजूंचे आटे वेगळे असतात, जबरदस्तीने बसवू नका.

झाकण उघडल्यावर लगेच पुसायला घेऊ नका. आधी ग्रीस वाचा. मधाच्या रंगाचं किंवा मूळ रंगाचं ग्रीस म्हणजे सगळं ठीक. दुधाळ झालेलं म्हणजे आत पाणी शिरलंय. हिरवट म्हणजे पितळ गंजतंय. काळपट राखाडी आणि उजेडात चमचमणारं म्हणजे धातू झिजतोय; मग ते ग्रीस कागदावर पसरा आणि पातळ पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक त्यावरून फिरवा. कण उचलले गेले तर पोलाद आहे, म्हणजे बेअरिंग किंवा एखादा पोलादी भाग. चमक तशीच पडून राहिली तर जस्त, ॲल्युमिनियम किंवा पितळ, म्हणजे गिअर. ही दोन मिनिटांची चाचणी पुढचा तासभर वाचवते.

मग धुणं. धातूचे भाग रॉकेलमध्ये किंवा व्हाइट स्पिरिटमध्ये ब्रशने धुवा. खिडकी उघडी ठेवा, आसपास शेगडी किंवा सिगारेट नको. प्लॅस्टिकच्या भागांना साबणाचं कोमट पाणी पुरे. ॲसिटोन प्लॅस्टिकच्या जवळसुद्धा आणू नका, ते बऱ्याच प्लॅस्टिकला विरघळवतं.

बेअरिंग पारखणं

इथे बरेच जण फसतात. बेअरिंग पेन्सिलीवर लावून टिचकी मारतात, बराच वेळ फिरलं की खूश. पण धुऊन कोरडं केलेलं बेअरिंग भरपूर फिरतं आणि भरपूर आवाजही करतं, दोन्हीला अर्थ नाही. आधी एक थेंब तेल घाला. मग बाहेरची कडी दोन बोटांत धरून आतली कडी पेन्सिलीने एका बाजूला दाबत अगदी हळू फिरवा. दाबाखाली बोटांना वाळूचा कण जाणवला किंवा ठरावीक जागी अडखळ लागली, तर ते गेलं. नंतर बाजू उलटी करून पुन्हा. एका बाजूला दाबल्यावर गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला खरखरीत असं बेअरिंगही सापडतं, आणि भाराखाली बोलणारं तेच असतं.

सगळ्यात आधी पिनियनचं बेअरिंग पाहा, मग मुख्य गिअरची दोन्ही. बदलताना तीन मापं जुळली पाहिजेत, आणि खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेस घ्या. बेअरिंगच्या नावापुढे झेडझेड असेल तर पत्र्याचं आवरण, आरएस असेल तर रबराचं. रबरी आवरण पाणी जास्त अडवतं, पण किंचित जड फिरतं. रीळ भाराखाली वापरायचं असेल तर मी रबरी घेतो; हलकेपणाची हौस बाटलीच्या वजनाखाली जाणवतसुद्धा नाही.

दात आणि शिम

मुख्य गिअर तिरप्या उजेडात धरून भिंगातून बघा. दातांवर घासल्याची चकचकीत पट्टी दिसेल. ती दाताच्या मधोमध आणि सगळीकडे सारख्या रुंदीची असेल तर गिअर नीट जुळतायत. पट्टी फक्त टोकाकडे असेल तर गिअर पिनियनपासून लांब आहे. अगदी मुळाशी असेल तर जास्तच जवळ. तुटलेला, धार आलेला किंवा खड्डे पडलेला दात दिसला तर शिमचा विचार सोडून द्या. मुख्य गिअर आणि पिनियन जोडीनेच बदलायचे. नवा गिअर झिजलेल्या पिनियनशी कधीच नीट जमत नाही.

दात शाबूत आणि पट्टी टोकाकडे, अशी परिस्थिती असेल तर शिम. स्पिनिंग रिळाच्या मुख्य गिअरचे दात त्याच्या एका तोंडावर असतात आणि ते पिनियनकडे बघत असतात. गिअरच्या पाठीकडच्या बेअरिंगच्या बाजूला शिम वाढवली की गिअर पिनियनजवळ सरकतो. वाढवायची ती ०.०५ किंवा फार तर ०.१ मिमी, एका वेळी एकच. आणि पाठीकडे वाढवली तेवढीच समोरच्या बाजूने कमी करायची, नाहीतर झाकण बसल्यावर गिअर दोन्हीकडून आवळला जातो.

तपासायची पद्धत अशी. ग्रीस न लावता, रोटर न बसवता, झाकणाचे स्क्रू आडव्या-तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक स्क्रूनंतर हँडल फिरवा. शेवटचा स्क्रू आवळताना हँडल जड होत असेल तर शिम जास्त झाली. मग पिनियन बोटांनी धरून हँडल पुढे-मागे हलवा: जेमतेम जाणवेल इतकी मोकळीक हवी. काहीच नसेल तर दात एकमेकांत रुतलेत, आणि असं रीळ रिकामं असतानासुद्धा गुणगुणत राहतं. टक्-टक् अशी मोठी मोकळीक असेल तर अजून एक शिम.

चारदा उघडझाप होईल. पाचव्यांदाही जमलं नाही तर मूळ शिम परत बसवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. चिडलेल्या हाताने शिम लागत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

वंगण

गिअरच्या दातांना रिळासाठीचं ग्रीस, ब्रशने, दातांच्या दऱ्या भरतील इतकं. पेटी भरेल इतकं नाही. जादा ग्रीस फिरताना उडून क्लचमध्ये जातं. पेटीतल्या बेअरिंगांना आवरणाच्या फटीतून तेल आणि बाहेरून ग्रीसचं पातळ बोट, म्हणजे पाणी अडतं. शाफ्टला, रोलरला, हँडलच्या नॉबला तेल. वर्मवर (स्पूल पुढे-मागे नेणाऱ्या खाचांच्या दांड्यावर) चालणारं रीळ असेल तर वर्मच्या खाचेत पातळ ग्रीस, आणि आधी टूथपिकने जुना मळ काढून.

डब्ल्यूडी-४० बद्दल हमखास विचारलं जातं. त्यातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हुसकणं, तो मुळात त्यासाठीच बनला. गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम. पण गिअरवर मारलात तर आहे ते ग्रीस पातळ होऊन वाहून जाईल आणि त्याच्या जागी टिकाऊ असं काही राहणार नाही.

दोरी बाहेर जाताना आवाज: ड्रॅग

क्लिकरची टिकटिक हा दोष नाही, ती मुद्दाम असते. मासा पळताना येणारी किंचाळी किंवा धक्के देत सुटणारी दोरी हा दोष. ड्रॅगचा नॉब काढा, आतली तारेची कडी चिमट्याने सोडवा आणि चकत्यांचा क्रम फोटोत टिपा. धातूच्या चकत्या अल्कोहोलने पुसा, निळ्या-तपकिरी झाल्या असतील किंवा सपाट काचेवर डुगडुगत असतील तर बदला. कार्बनच्या चकत्यांना ड्रॅगसाठीच्या ग्रीसचा इतका पातळ थर द्या की चकती ओली दिसेल पण ग्रीस दिसणार नाही. फेल्टच्या चकत्या दबून काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर त्यांचा जन्म संपला. त्या ओल्या ठेवायच्या की कोरड्या, हे बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे. गिअरचं ग्रीस मात्र तिथे कधीच नाही.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते एक तृतीयांश ठेवतात. ९ किलोची दोरी असेल तर साधारण सव्वादोन ते ३ किलो, साध्या काट्याने ओढून मोजा. नुसत्या बोटाच्या अंदाजाने ड्रॅग दुप्पट आवळलेला असतो आणि मग गिअरवरचा भारही दुप्पट होतो. कधीकधी घरघरीचं उत्तर इथेच मिळतं.

बेटकास्टर आणि आडवी रिळं

इथे दोरी वळत नाही, त्यामुळे रोलरचा प्रश्न नाही. त्याऐवजी पहिला संशयित लेव्हल-वाइंडचा (दोरी स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या यंत्रणेचा) वर्म आणि त्याच्या खाचेत चालणारा लहानसा तुकडा, पॉल. दोरी एका काठावर पोचताना टक् होत असेल तर पॉलचं टोक झिजलंय. तो स्वस्त आणि बदलायला सोपा भाग आहे. दुसरा संशयित, पिनियन स्पूलच्या पिनेवर पूर्ण न बसणं. पिनियनला सरकवणारा योक झिजला किंवा त्याची स्प्रिंग मेली तर जोराखाली पिनियन मागे सरकतो आणि कट्-कट् असा जीव घेणारा आवाज येतो. लगेच थांबा, नाहीतर पिनियनच्या खाचा गोल होतील. ड्रॅगच्या चकत्या इथे मुख्य गिअरच्या पोटात असतात, म्हणून गिअर काढलाच आहे तर त्याही त्याच वेळी पाहून घ्या.

जोडल्यावर

पूर्ण जोडून आधी रिकामं, मग तळहाताने, मग २ लिटरची बाटली, याच क्रमाने पुन्हा तपासा. नवं ग्रीस पसरायला पन्नासेक फेरे लागतात, त्याआधी निकाल देऊ नका. सगळं बदलूनही एका ठरावीक वजनाच्या वरच घरघर येत असेल, आणि त्याच वेळी झाकणावर बोट ठेवल्यावर ते फुगल्यासारखं जाणवत असेल, तर बॉडीच लवते आहे. प्लॅस्टिक आणि ग्राफाइटच्या हलक्या रिळांत हे होतं. त्याला शिम नाही, ग्रीस नाही. ड्रॅग त्या वजनाच्या खाली ठेवा आणि हे रीळ लहान माशांसाठी वापरा. मोठ्यांसाठी धातूच्या बॉडीचं दुसरं.

खाऱ्या पाण्यावरून आल्यावर ड्रॅग आवळून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली रीळ धुवा. नळीचा जोरदार फवारा नको, तो मीठ धुण्याऐवजी आत ढकलतो. झटका, सावलीत वाळवा, ड्रॅग पूर्ण सैल करा आणि लाइन रोलर मॅगसील्ड नसेल तर त्याला एक थेंब तेल.